सोंग बसलं पाहिजे!

"गुरुजी, सोंग नुसतं देखणं असून भागत नाय. सोंग बसलं पाहिजे!"

हे वाक्य ज्यांच्या तोंडून मी ऐकले ते म्हातारबाबा मोखाड्याच्या अलीकडे एका पाड्यावर राहतात. जव्हार-मोखाड्याचा बोहाडा ज्यांनी पाहिला आहे त्यांना सोंग म्हणजे काय हे सांगायला नको. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. होळी होऊन गेली की ह्या डोंगरपट्ट्यातल्या गावांतून रात्र-रात्र बोहाडा रंगतो. सांबळ आणि पिपाणी वाजू लागतात आणि गणपती, सरस्वती, नरसिंह, रावण असे एकेक जण नाचत पुढे येतात. त्यांचे भले थोरले रंगीत मुखवटे कुठे लाकडाचे असतात, कुठे कागदाच्या लगद्याचे. जव्हार तालुक्यातले रामखिंड हे गाव तर लगद्याच्या मुखवट्यांसाठीच नावाजलेले आहे.

म्हातारबाबांच्या अंगणात चार मुखवटे उन्हात वाळत पडले होते. माझी उत्सुकता पाहून त्यांनी रावण उचलला आणि सरळ माझ्या तोंडावर ठेवला. बाहेरून म्हणे मी मोठा रुबाबदार दिसत होतो. आत मात्र सारा गोंधळ! डोळ्यांची भोके कपाळावर आलेली, हनुवटीपाशी चार बोटे जागा रिकामी, आणि मान हलवली की रावण एकीकडे आणि मी दुसरीकडे. बाबा हसले. त्यांनी घरातून एक फडके आणले, ते माझ्या डोक्याला आणि कानशिलांना गुंडाळले, पुन्हा मुखवटा चढवला आणि मागे दोऱ्या आवळल्या. आता मान कशीही हलवा, रावण जागचा हलेना!

तेव्हाच ते वरचे वाक्य म्हणाले. माझे थोरले बंधू, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, ते शेजारीच उभे होते. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले आणि दोघेही गप्प झालो. कारण दोघांच्याही मनात २०२१ सालची होळी उभी राहिली होती.

माजघरातली ती संध्याकाळ

आमचे बालपण जव्हारला गेले. वडील तिथे पोस्टात होते. अण्णा, वहिनी आणि आई आजही त्याच जुन्या घरात राहतात. मी मात्र ठाण्यास येऊन तीस वर्षे शाळेत शास्त्र शिकवले आणि निवृत्त झालो. शास्त्र शिकवले हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे जे घडले त्यात त्या शास्त्राचा मला काडीचा उपयोग झाला नाही.

२०२१ च्या मार्चअखेरीस होळी आली. करोनाची दुसरी लाट चढू लागली होती. लसीचा आईचा पहिला नंबर लागायचा होता. माझा घसा किंचित खवखवत होता. 'प्रवासातली धूळ!' अशी मी स्वतःची समजूत घातली आणि भिवंडी, वाडा, विक्रमगड करीत जव्हार गाठले.

तोंडावर मास्क होता. होता म्हणजे कसा? औषधाच्या दुकानात मिळणारा निळा, सैल मास्क. दोन्ही गालांवर एकेक बोट सहज जाईल एवढी फट. बोलू लागलो की तो नाकावरून घसरे. चहा आला की तो हनुवटीखाली जाई आणि चहा संपल्यावर तिथेच राही. त्यातून होळीच्या धुराने आईला खोकला येतो म्हणून वहिनींनी माजघराच्या खिडक्या लावून घेतलेल्या. आईला ऐकू कमी येते. "मोठ्यानं बोल रे!" ती म्हणाली. मी मास्क खाली ओढला, तिच्या कानाशी तोंड नेले आणि चांगला तासभर मोठ्याने बोलत बसलो.

तिसऱ्या दिवशी मला ताप आला, सहाव्या दिवशी आईला. मी आठवड्यात उठून बसलो. आई सोळा दिवस इस्पितळात होती, त्यांतले नऊ दिवस प्राणवायूवर. आई वाचली. पण रोज संध्याकाळी हनुमान पॉइंटपर्यंत पायी जाऊन येणारी माझी आई त्यानंतर फाटकाच्या पुढे गेलेली नाही.

समाचाराला आलेले एक सद्‌गृहस्थ म्हणाले, "अहो, तुमच्या तोंडावर मास्क होता ना? तरीही झालेच ना? मास्कबिस्क सारे थोतांड आहे!"

मला उत्तर देता आले नाही. ते शोधण्यात मग पुष्कळ दिवस गेले. जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवतो.

बिडीचा धूर आणि शिंतोडे

पहिला प्रश्न असा, की हा विषाणू एका माणसाकडून दुसऱ्याकडे जातो कसा? फार दिवस असे समजत, की खोकताना, शिंकताना जे शिंतोडे उडतात ते दोन हातांच्या अंतरात खाली पडतात. तेव्हा लांब उभे राहा, हात धुवा, म्हणजे झाले. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२० च्या मार्चमध्ये 'हा रोग हवेतून पसरणारा नाही' असे ठासून सांगितले होते. सामान्य जनतेने कापडी मास्क वापरावा हा तिचा सल्ला आला तो त्या वर्षीच्या ५ जूनला. भारत सरकारने घरगुती मास्कचा सल्ला त्याआधी, एप्रिलच्या आरंभीच दिला होता. आणि रोग हवेतून पसरतो ही गोष्ट जगाने पुढे सावकाश मान्य केली.

आज आपल्याला माहीत आहे, की माणूस नुसता बोलला तरी शिंतोड्यांबरोबर अतिशय बारीक तुषार बाहेर पडतात. ते खाली पडत नाहीत, तरंगतात. बंद खोलीत कोणी बिडी ओढली तर धूर जसा कोपऱ्याकोपऱ्यात साठत जातो तसेच हे तुषार साठतात. मोठ्याने बोलले किंवा गायले की ते अधिक निघतात. म्हणजे बंद माजघरात, मोठ्या आवाजात, तासभर, कानाशी! आईला गाठायला विषाणूला ह्याहून सोयीची व्यवस्था मी दुसरी कोणती करून देणार होतो?

चाळणी नव्हे, कारवीचे रान

दुसरा प्रश्न आमच्या त्या सद्‌गृहस्थांचाच. करोनाचा विषाणू एवढा सूक्ष्म, की एका मिलिमीटरात असे सुमारे दहा हजार एका ओळीत मावतील. कापडाची भोके त्याच्या मानाने केवढी तरी मोठी. चाळणीने पाणी अडवण्यातलाच हा प्रकार नव्हे काय?

नव्हे. एक तर विषाणू सुटा फिरत नाही, तो तुषारात बसून येतो. आणि दुसरे म्हणजे चांगला मास्क ही चाळणी नसतेच. ते कारवीचे दाट रान असते. जव्हारकडच्या डोंगरउतारावर असे रान ज्यांनी पाहिले आहे त्यांना ही उपमा पटेल. रानातून उधळलेला बैल सरळ धावतो आणि काठ्यांवर आदळतो. मोठे कण असे आदळून अडकतात. अगदी बारीक कण हवेच्या रेणूंचे धक्के खात फुलपाखरासारखे भिरभिरत जातात आणि भिरभिरता भिरभिरता कुठल्या तरी तंतूला चिकटतात. निसटतात ते मधल्या आकाराचे, मिलिमीटरच्या सुमारे तीन हजाराव्या भागाएवढे. म्हणून 'एन ९५' ह्या मास्कची परीक्षा नेमकी त्याच आकाराच्या कणांवर घेतात. त्या सर्वांत कठीण परीक्षेत शंभरांतले निदान ९५ कण अडले, तर त्याला ते नाव मिळते.

ह्या मास्कच्या तंतूंत आणखी एक गंमत आहे. कंगवा केसांवर घासून कागदाचे कपटे उचलण्याचा प्रयोग आपण सर्वांनी शाळेत केला आहे. तशीच कायमची विद्युत ह्या तंतूंत भरलेली असते आणि ती जवळून जाणाऱ्या कणाला ओढून घेते. म्हणूनच 'एन ९५' साबणाने धुवायचा नसतो. धुतला की विद्युत जाते, आणि उरते ते फडके.

साध्या सुती फडक्यात हे काहीच नसते, म्हणून ते पुष्कळ कमी अडवते. २००९ च्या ऑगस्टमध्ये पुण्यात स्वाइन फ्लूचा देशातला पहिला बळी गेला तेव्हा मास्क मिळेनासे झाले आणि लोकांनी रुमाल, ओढण्या बांधल्या, हे अनेकांना आठवत असेल. खोकणाऱ्याचे शिंतोडे रुमालाने बऱ्यापैकी अडतात. दुसऱ्याच्या बारीक तुषारांपासून आपले रक्षण मात्र त्याने बेताचेच होते.

खरी गोम फटीत

आता म्हातारबाबांच्या वाक्याकडे वळू. कापड कितीही उत्तम असो, हवा आळशी असते. तिला रानातून वाट काढण्यापेक्षा कडेची मोकळी पायवाट आवडते. गालापाशी फट असली, की श्वास कापडातून न जाता फटीतूनच आत-बाहेर करतो.

ही गोष्ट शंभर वर्षांपूर्वीच ध्यानात आली होती. १९१८ साली इन्फ्लुएंझाची जी महाभयंकर साथ आली, जिला आपल्याकडची जुनी माणसे मानमोडी म्हणत, तिने एका मुंबई शहरात ६ ऑक्टोबर १९१८ ह्या एका दिवशी ७६८ माणसे नेली. त्याच सुमारास अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्को शहराने जाळीदार कापडाच्या पट्ट्या सक्तीच्या केल्या, तरी साथ काही हटली नाही. १९२० मध्ये केलॉग नावाच्या आरोग्याधिकाऱ्याने प्रयोग करून कारण दाखवले. पट्टी विरळ असली तर तिच्यातून सारेच जाते, आणि दाट केली तर श्वास जड होऊन हवा कडेने शिरते.

आपल्या दिवसांतले प्रयोगही हेच सांगतात. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०२१ च्या फेब्रुवारीत पुतळ्यांवर प्रयोग केले. सैल निळा मास्क खोकल्यातले साधारण निम्मेच कण अडवू शकला. त्याच मास्कच्या कानाच्या दोऱ्यांना कडेपाशी गाठ मारून गालाची घडी आत दुमडली, आणि बोलणारा व ऐकणारा अशा दोन्ही पुतळ्यांना तो तसा बसवला, तेव्हा ऐकणाऱ्यापर्यंत पोचणारे कण शंभरांत ९५ हून अधिक घटले. मास्क तोच होता, फक्त एक गाठ वाढली होती!

जर्मनीतल्या ग्योटिंगेन येथील माक्स प्लांक संस्थेने त्याच वर्षाअखेरीस गणित मांडले. रोगी आणि निरोगी माणूस अगदी जवळ वीस मिनिटे बोलत आहेत. दोघांनीही 'एन ९५'च्या तोडीचे मास्क नीट बसवून घातले असतील तर संसर्गाचा धोका फार तर हजारात एक-दीड. तेच मास्क सैल असतील तर शंभरात चार. दोघांचे साधे निळे मास्क नीट बसलेले असतील तर फार तर शंभरात दहा. आणि मास्कच नसेल तर? तीन मीटरवरूनही काही मिनिटांत संसर्ग जवळजवळ ठरलेला. हे गणित वाईटात वाईट परिस्थिती धरून केलेले आहे हे खरे. पण त्यातले प्रमाण मला माझ्या प्रश्नाचे उत्तर देऊन गेले. माझ्या तोंडावर मास्क होता, पण बसलेला नव्हता.

माझा अनुभव म्हणजे पुरावा नव्हे

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. आईला आजार माझ्यामुळेच झाला हे मी सिद्ध करू शकत नाही. त्या आठवड्यात घरी दूधवाला येऊन गेला होता, शेजारच्या काकू बसून गेल्या होत्या. मी मास्क नीट घातला असता तर ती वाचलीच असती असेही नाही. एका घराच्या गोष्टीवरून ना 'मास्क तारतो' म्हणता येत, ना 'थोतांड' म्हणता येत. त्यासाठी हजारो घरे पाहावी लागतात.

अशी पाहणी आपल्या शेजारच्या बांगला देशात झाली. साल २०२०-२१, गावे सुमारे सहाशे, माणसे तीन लाखांवर. निम्म्या गावांत मास्क फुकट वाटले आणि बाजारात, मशिदीत समजावून सांगितले. उरलेल्या गावांत काही केले नाही. मास्क घालणारे शंभरात १३ होते, ते ४२ झाले. आणि आजार? लक्षणे दिसून रक्ततपासणीत पक्का ठरलेला करोना दर दहा हजारांत ७६ होता, तो ६८ वर आला. म्हणजे घट सुमारे दहाव्या हिश्शाची. 'एवढेच?' असे कोणी म्हणेल. पण निम्म्याहून अधिक लोक मास्क घालतच नव्हते, हे विसरू नये. आणि जिथे निळे मास्क दिले होते त्या गावांत साठीच्या पुढच्या माणसांत ही घट सुमारे तिसऱ्या हिश्शाची होती. कापडी मास्कचा गुण मात्र स्पष्ट दिसला नाही.

उलट बाजूही सांगतो. डेन्मार्कमध्ये २०२० साली सुमारे सहा हजार माणसांवर परीक्षा झाली. मास्क दिलेल्यांत शंभरी १.८ बाधित झाले, न दिलेल्यांत २.१. हा फरक इतका थोडा, की तो योगायोगही असू शकतो. पण सांगितल्याबरहुकूम मास्क घातला असे म्हणणारे तिथे निम्मेसुद्धा नव्हते, आणि मास्क घालणाऱ्यामुळे दुसरा किती वाचला हे तिथे मोजलेच नव्हते. २०२३ मध्ये अशा साऱ्या परीक्षा एकत्र तपासणाऱ्या 'कॉक्रेन' संस्थेचा अहवाल आला. लोकांनी 'मास्क निरुपयोगी ठरले' अशी हाकाटी केली, तेव्हा संस्थेच्या संपादिकेलाच खुलासा करावा लागला, की अहवालाचा असा अर्थ नाही. मास्क घालायला सांगण्याच्या मोहिमांनी लाभ होतो की नाही, हे अजून नक्की म्हणता येत नाही, एवढेच त्यात आहे.

मोहीम वेगळी आणि मास्क वेगळा. शाळेत छडी घेऊन पाठ करायला लावलेले पाढे आणि डोक्यात बसलेले पाढे ह्यांत जो फरक, तोच इथे. सक्तीचा मास्क पोलीस दिसला की नाकावर चढे आणि पोलीस वळला की हनुवटीखाली जाई. महाराष्ट्रातली सक्ती २०२२ च्या एप्रिलमध्ये उठली, आणि उठली ते योग्यच झाले. पण सक्ती उठली म्हणून गरज उठली असे मात्र नाही.

तर मग करावे काय?

बारा महिने तोंड झाकून बसा, असे मी म्हणणार नाही. उघड्या अंगणात, वाऱ्यावर, निरोगी माणसांनी मास्क लावण्याची गरज नाही. जव्हारकडची कुडाची घरे पाहा. कारवीच्या काठ्यांची ती भिंत शेणामातीने लिंपली तरी छपराखालून वारा खेळत राहतो. आपली शहरातली, काचा लावून बंद केलेली वातानुकूलित दालने ह्या बाबतीत त्यांच्याहून मागासलेली आहेत. खिडकी उघडणे हा पहिला मास्क समजावा.

पण आपल्याला सर्दी-खोकला आहे आणि घरात म्हातारे माणूस आहे, दवाखान्यात ताटकळत बसायचे आहे, साथीच्या दिवसांत भरलेल्या गाडीतून जायचे आहे, अशा वेळी मास्क लावावा, आणि लावायचा तर धड लावावा. शक्यतो 'एन ९५' घ्यावा, ज्याचे दोन्ही पट्टे डोक्यामागे जातात. नाकावरची तार दोन्ही हातांच्या बोटांनी दाबून नाकाच्या आकाराची करावी. मग दोन्ही तळहात मास्कवर ठेवून जोराने श्वास सोडावा. वारा डोळ्यांना लागला किंवा चष्म्यावर वाफ धरली, तर वर फट आहे. दाढी असेल तर मास्क बसत नाही, हे दाढीवाल्यांनी मनाला लावून न घेता ध्यानात ठेवावे. झडप असलेला मास्क आपला श्वास न गाळता बाहेर सोडतो, म्हणून आजाऱ्याने तो वापरू नये. अगदी लहान मुलांना मास्क लावू नये. आणि मास्कमधून वास आला म्हणून घाबरू नये. वास हा वायू असतो, तो जायचाच. मास्क अडवतो ते कण.

आणखी एक. मास्कचा मोठा लाभ तो आजाऱ्याच्या तोंडावर असताना होतो, कारण धूर पसरल्यावर गाळण्यापेक्षा बिडी विझवणे सोपे! आणि लस आपल्या जागी हवीच. मास्क तिची जागा घेत नाही.

ही सारी उठाठेव जव्हार-मोखाड्याच्या संदर्भात कशाला, असे कोणी विचारील. दिवाळी झाली की इथली कुटुंबेच्या कुटुंबे भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाळ्याआधी भरगच्च जीपगाड्यांतून परततात. शहरातली साथ त्यांच्याबरोबर डोंगर चढते. आजारी अधिक झाला तर ठाणे किंवा नाशिक गाठायचे. शहरात ज्याला आपण 'साधा ताप' म्हणतो तो तिथल्या म्हाताऱ्याच्या आणि अशक्त पोराच्या जिवाशी गाठतो. जिथे इस्पितळ दूर, तिथे रोग अडवण्याची किंमत मोठी.

ह्या वर्षी श्रावणात मी जव्हारला गेलो तेव्हा घसा असाच खवखवत होता. धूळ नव्हती, पाऊस कोसळत होता! मी घरात गेलो नाही. ओटीवर खुर्ची टाकली, 'एन ९५' चढवला, तार दाबली, वारा कुठून येतो ते पाहिले आणि आईपासून चांगला लांब बसलो. तिला ऐकू येईना, तेव्हा पाटीवर खडूने लिहून दाखवले. तिला ह्या प्रकाराचे फार हसू आले.

"कसलं हे सोंग रे!" ती म्हणाली.

मी पाटीवर लिहिले, 'बसलेलं!'

तिला अर्थ कळला नसावा. अण्णांना मात्र कळला. ते आत गेले आणि माजघराच्या खिडक्या त्यांनी एकेक करून उघडल्या.